रविवारची ड्यूटी

पडद्यावरच्या मुलाने तोंड उघडण्याआधीच समर्थ ते वाक्य बोलला. मोठ्याने नव्हे, ओठांतल्या ओठांत; पण शेजारच्या खुर्चीतल्या छायाला ते ऐकू गेलं आणि लगेच तेच इंग्रजी वाक्य पडद्यावरून आलं. तिला आधी वाटलं, भास असेल. झोप धड नसली की कान असे खेळ करतात. पण थोड्या वेळाने पुन्हा तसंच झालं, आणि मग पुन्हा. पडद्यावर काळ्यापांढऱ्या इंग्लंडात धुकं उतरलेलं, गुडघ्यापर्यंत मोजे ओढलेली पोरं रांगेने जेवायला निघालेली, त्यातलं एक नव्याने आलेलं लहानगं कुणा मोठ्या पोराचे बूट घासत बसलेलं. आणि इकडे नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या सभागृहात, रविवारी सकाळी, तिचा पंचेचाळीस वर्षांचा, पुढून टक्कल पडलेला मुलगा दोन्ही हात मांड्यांखाली दाबून त्या लहानग्याचं बोलणं त्याच्या आधी बोलत होता. सभागृहात पन्नासेक माणसं होती, बहुतेक निवृत्त, स्वेटर-शालींतली. फिल्म सोसायटीच्या गृहस्थांनी सुरुवातीला माइकवर सांगितलं होतं, बोर्डिंगातल्या मुलांवरचा हा जगभर नावाजलेला जुना सिनेमा आहे, पाहून ज्याला त्याला आपलं बालपण आठवतं. पोरांनी मास्तरांच्या खुर्चीला खडू फासला तेव्हा सगळे मनापासून हसले. समर्थ हसला नाही.

"पाठ आहे तुला?" तिने हळूच विचारलं.

"शाळेत दाखवायचे. दर सव्वीस जानेवारीला." त्याने नजर पडद्यावरून काढली नाही. "सहा वर्षं."

"कधी बोलला नाहीस."

"त्यात काय बोलायचं, आई?"

छायाला अर्धंअधिक इंग्रजी कळत नव्हतं, पण त्या लहानग्याची पत्र्याची पेटी कळत होती. पेटीवर पांढऱ्या रंगात नाव घातलेलं होतं. समर्थ बोर्डिंगात निघाला तेव्हा नाव घालायला द्वारका चौकातल्या एका पेंटरकडे गेलं होतं कुणीतरी, म्हणजे हेच गेले होते, तिचा नवरा, त्र्यंबक. आणि येताना पेटी सायकलच्या कॅरियरला बांधून चालत आले होते. ती तेव्हा गॅलरीत उभी होती. खाली उतरून पेटीला एका बाजूने हात लावावा, एवढंही तिला सुचलं नव्हतं. आता या अंधारात, परक्या देशातल्या परक्या पोराची पेटी पाहताना ते तिला सुचलं. तीस वर्षं तिने टेलिफोन एक्स्चेंजमध्ये लोकांचं बोलणं कानात घेऊन पोट भरलं होतं. गावोगावचे आवाज, मयतीचे, लग्नाचे, कांद्याच्या भावाचे. आणि पोटचा पोरगा दर वर्षी एकच सिनेमा बघून तो पाठ करत होता, हे तिला आज, वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी, योगायोगाने ऐकू आलं. तिला स्वतःची चीड आली. मग ती चीड नेहमीसारखी विरून गेली आणि मागे नुसती धास्ती उरली, कारण उद्या सोमवार होता.

सिनेमा सुटल्यावर दोघं गाडीने घरी निघाली. कुंभमेळ्यासाठी रस्ते खणून ठेवलेले, त्यामुळे समर्थला सारखं वळसे घालावे लागत होते, आणि द्वारका चौकाला येईतो पुढे सगळंच ठप्प झालं. कांद्याचे ट्रॅक्टर, मालेगावकडच्या बसेस, मधूनच अंग चोरत निघालेल्या रिक्षा. समर्थने इंजिन बंद केलं. "शाळेत सर सांगायचे," तो अचानक म्हणाला, "बघा, साहेबाची पोरं रडतात का? बघून घ्या."

"रडत होता की तो."

"चादरीखाली. तेच आम्हाला शिकवायचं होतं." तो हसला, त्या हसण्यात काही नव्हतं. मग हाताने समोरचा उड्डाणपूल दाखवत म्हणाला, "उद्या सकाळी पप्पांना घेऊन आपण इथूनच जाऊ. दहाला बोलावलंय केअर सेंटरने. आणि एक सांगायचं राहिलं, पहिले पंधरा दिवस भेटायला जायचं नाही. सेंटरचा रूलच आहे. घरचं कुणी दिसलं नाही की पेशंट लवकर रुळतो."

छायाने मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. हे वाक्य तिने वाचलेलं होतं. शाळेच्या छापील माहितीपत्रकावर, पालकांसाठी सूचना, क्रमांक चार की पाच. पंधरा दिवसांऐवजी महिना होता, एवढाच फरक. हा मुद्दाम बोलतोय की याच्या तोंडून नकळत जातंय, ते तिला त्याच्या चेहऱ्यावरून उमगेना. मग त्यानेच तिची सुटका केली, म्हणजे खरं तर उलटंच केलं.

"मी नऊ वर्षांचा होतो आणि रुळलो. पप्पा तर पंचाहत्तरीला आलेत," तो म्हणाला. "तुला वाटेल मी सूड घेतोय. तसं काही नाहीये, आई. तुला झेपत नाहीये हे मला दिसतंय, आणि ते सेंटर चांगलंच आहे. पण मला वाईट वाटत नाहीये, त्याचं मला नवल वाटतं. वाटायला हवं ना? पुण्याहून काम करता येतं मला, तसं इथूनही येईल. मी येऊन राहिलो असतो, खोली घेतली असती शेजारी. त्यांनी मला घरात ठेवलं असतं तर मीही त्यांना ठेवलं असतं. साधा हिशोब आहे." मागच्या टेम्पोवाल्याने हॉर्न वाजवला तसं त्याने इंजिन सुरू केलं.

एक वाक्य होतं. चार शब्दांचं. ते या गाडीत, या गर्दीत बोलून टाकलं तर उद्याचा दहाचा वायदा तिथल्या तिथे मोडला असता. तुला मी पाठवलं, समर्थ. हे वाक्य छायाने छत्तीस वर्षं जिभेखाली ठेवलं होतं आणि त्याची तिला इतकी सवय झाली होती की ते तिथे आहे हेही ती विसरे. समर्थ ज्याला वडिलांचा निर्णय, वडिलांची शिस्त म्हणत होता, त्यात वडिलांचं काहीच नव्हतं. त्र्यंबक पाटबंधारे खात्यात कारकून, स्वभावाने मऊ. घरात आवाज चढवायचा असेल तर तो तिलाच चढवावा लागायचा. एकोणनव्वद साल. ती सकाळी सातला हेडफोन चढवी आणि दुपारी तीनपर्यंत कान भरून घरी येई, तर दारातच पोरगा. आई, हे काय, आई, तू कुठे जातेस, आई, मी पण. मोरीत गेली तर दाराबाहेर बसून बोलत राही. झोपताना तिच्या पदराचं टोक मुठीत लागे, आणि ती कूस वळली की जागा होई. एवढंच. पोरगा वाईट नव्हता, आजारी नव्हता, घरात भांडण नव्हतं. लोक मुलांना बोर्डिंगात घालतात त्याला काही कारण असतं. तिच्याकडे सांगण्याजोगं कारणच नव्हतं. तिला फक्त कुणी बोलायला नको होतं. एका दुपारी तो काहीतरी विचारत असताना तिने त्याला दंडाला धरून उचललं आणि भिंतीशी नेऊन ठेवलं, जोरात, आणि त्याचं डोकं भिंतीवर आपटलं. तो रडला नाही. बघत राहिला. त्याच्या त्या बघण्यापेक्षा आपल्याला त्या क्षणी जे बरं वाटलं त्याचीच तिला भीती वाटली. दुसऱ्या दिवशी तिने ऑफिसातल्या बाईकडून डोंगरातल्या एका बोर्डिंग शाळेचं माहितीपत्रक मागून आणलं.

"एवढंसं पोर आहे, छाया," त्र्यंबक म्हणाला होता. दोन दिवस तो तिच्याशी बोलला नाही, तिसऱ्या दिवशी फॉर्म भरून आणला. पोचवायलाही तोच गेला, एसटीने, पेटी टपावर टाकून. ती ड्यूटीवर होती. संध्याकाळी परत आल्यावर त्याने चपला काढल्या, पाय धुतले, आणि म्हणाला, "त्याने विचारलं, मला इथं कुणी पाठवलं. मी म्हटलं, मी."

"तसं का सांगितलंत?"

"घरी परत यावंसं वाटायला घरात एक तरी माणूस लागतं ना. ते तू अस." एवढं बोलून तो गॅलरीत जाऊन बसला. त्यावर तिने काही म्हणायला हवं होतं. तिला त्या वेळी फक्त मोकळं वाटलं. घरात पंखा फिरत होता त्याचा आवाज ऐकू येत होता, आणि कितीतरी महिन्यांनी तिला पंख्याचा आवाज ऐकू आला होता.

शाळेच्या गावाला तेव्हा थेट फोन लागत नसे. ट्रंक कॉल नाशिक एक्स्चेंजच्या बोर्डावरून जोडून द्यावा लागे. खात्यातली म्हणून छायाच्या घरी फोन होता, आणि पंधरवड्यातून एकदा, रविवारी, शाळा मुलांना तीन मिनिटं घरी बोलू देई. छायाने पहिल्या महिन्यातच रविवारची ड्यूटी मागून घेतली. बाकीच्या बायका तिला देवमाणूस म्हणायच्या, कारण रविवार कुणालाच नको असे. घरी असते तर फोन तिला उचलावा लागला असता, हे त्यांना कुठे ठाऊक होतं? मग रविवारी अकराच्या सुमाराला तिच्याच बोर्डावर दिवा लागे, पलीकडून शाळेचा शिपाई घरचा नंबर सांगे, आणि ती आपल्याच घराची घंटी वाजवून देई. ऑपरेटरने मध्ये बोलायचं नसतं. पण लाइन लागली का बघायला कान ठेवावा लागतो, आणि ती ठेवी, पूर्ण तीन मिनिटं. पप्पा, आई कुठंय? ड्यूटीवर. पप्पा, आईला सांगा मला घरी यायचंय. आणि तिचा मऊ नवरा, ती ऐकते आहे हे पक्कं ठाऊक असलेला, उसना कडक आवाज काढून म्हणे, "आईला काय सांगायचं? मी ठरवलंय. राहायचं." एकदा, पहिल्याच वर्षी, थंडीत, पोरगा काही बोललाच नाही. नुसता श्वास येत राहिला, आणि मग तो म्हणाला, "पप्पा, तुम्ही मला आवडत नाही." तीन मिनिटं व्हायला अजून बराच वेळ होता. छायाने मध्ये तोंड घातलं. सगळ्या ऑपरेटर बायकांचा असतो तो सपाट, नाकातला आवाज लावून ती म्हणाली, तीन मिनिटं झाली. आणि लाइन तोडायला कॉर्डला हात घातला. पलीकडून तेवढ्यात "मॅडम, एक मिनिट" असं आलं. पोटच्या पोराने तिला मॅडम म्हटलं होतं. तिने कॉर्ड ओढली आणि पुढचा कॉल जोडला.

आता सिनेमाहून घरी पोचल्यावर सिंधुबाईने दार उघडलं. दिवसा त्र्यंबकला बघायला ती मखमलाबादहून यायची. चौदा महिन्यांपूर्वी अर्धांगाचा झटका आला तेव्हापासून. उजवी बाजू गेली होती आणि वाचा गेली होती. कळत मात्र सगळं होतं, डॉक्टरांनीच तसं सांगितलं होतं. डोळ्यांनी, मानेनं आणि डाव्या हाताने तो उत्तरं द्यायचा.

"जेवले बाबा," सिंधुबाई म्हणाली. "पण लय वाट पायली तुमची. दाराकडंच डोळे. मीच म्हनलं, येत्यात हो, शिनेमाला गेल्यात." मग पदराने हात पुसत, खालच्या आवाजात, "ताई, उद्यापासून मी नाय यायचं ना मग? न्हाई, दुसरीकडं बोलायचं हाय, म्हनून इचारलं. बाबांनी काय तरास नाय दिला कधी, खरं सांगते. अशे पेशंट नाय भेटत."

"सांगते तुला," छाया म्हणाली. रात्री सिंधुबाई नसे. रात्री तीच होती. दर दोन तासांनी कूस बदलून द्यायची, नाहीतर पाठीला जखमा होतात. चादरी बदलायच्या, पातळ भात भरवायचा, ओठांच्या कोपऱ्यातून आलेला पुसायचा. तिचे गुडघे गेले होते. परवा त्याला वळवताना तिचा हात सुटला आणि तो पलंगाच्या कडेवर आदळला, आणि त्याने बिचाऱ्याने डाव्या हाताने तिचाच हात थोपटला. त्या थोपटण्याचा तिला संताप आला होता. आणि गेले आठ दिवस, समर्थने सेंटरचं ठरवल्यापासून, ती चोरून एक गोष्ट करत होती. भांडी घासताना, देवापुढे दिवा लावतानासुद्धा ती उद्याची दुपार डोळ्यांपुढे आणत होती. सगळे गेलेत. गादी गच्चीवर उन्हात टाकली आहे. दार लोटलं आहे. घरात कुणी नाही. इथवर आली की तिला पुढचं ऐकू यायला लागे, पंख्याचा तो जुना आवाज, आणि ती दचकून नळ मोठा सोडी. समर्थ वडिलांना नेतो आहे ते एका खोट्यापायी, हे तिला माहीत होतं. ते खोटं आपल्याला पुन्हा एकदा हवंहवंसं झालंय, हेही तिला माहीत होतं. तीच बाई, म्हातारी होऊनही तीच.

जेवणं झाली. समर्थने आतल्या खोलीत पलंगाशेजारी बॅग उघडली आणि मोबाइलवरची यादी वाचत एकेक कपडा भरू लागला. पायजमे सहा, शर्ट सहा, टॉवेल तीन. घड्या अशा घालत होता की कडा जुळल्याच पाहिजेत. वडिलांकडे तो बघत नव्हता. त्र्यंबक बघत होता. मुलाचे हात, घड्या, पुन्हा हात. त्याच्या डोळ्यांत तक्रार नव्हती. मुलगा एवढा वेळ आपल्या खोलीत बसला आहे याचंच त्याला अप्रूप वाटत असावं. छायाने ते पाहिलं आणि तिच्याच्याने राहवेना. आपण चांगल्या आहोत म्हणून नव्हे. ते तोंड बघवेना म्हणून.

"समर्थ, तुला मी पाठवलं होतं," ती दारातूनच म्हणाली.

"कुठे?"

"शाळेत. ह्यांनी नाही. हे नको म्हणत होते. मी ठरवलं आणि ह्यांनी आपल्या अंगावर घेतलं."

समर्थच्या हातातला शर्ट अर्धवट राहिला. त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं, पंचेचाळीस वर्षांच्या चेहऱ्याखालून नऊ वर्षांचा वर आला आणि क्षणभर थांबला. त्याने वळून, त्या दिवसात पहिल्यांदाच, वडिलांकडे नीट पाहिलं. "पप्पा?" तो म्हणाला. "आई काय म्हणतेय? खरंय?"

त्र्यंबकने छायाकडे पाहिलं. ती नजर तिने ओळखली आणि तिला ओरडावंसं वाटलं, नका, आता तरी नका. पण त्याने मान हलवली. डावीकडे, उजवीकडे, जेवढी वळत होती तेवढी: नाही. मग डावा हात उचलला आणि आपल्या छातीवर ठेवला. ठोकला. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा. मी. घशातून एक आवाज काढला, ज्यात शब्द नव्हता, पण जोर होता. तो आवाज चौदा महिन्यांत तिने ऐकला नव्हता. तो कडक व्हायचा प्रयत्न करत होता.

समर्थ हलकेच हसला. चेहऱ्यावरचा तो लहान मुलगा गेला होता. "बघ," तो म्हणाला, "निदान ते खोटं तरी बोलत नाहीत. तू मात्र आयुष्यभर हेच केलंस, आई. त्यांना सांभाळून घेतलंस." त्याच्या आवाजात राग नव्हता, माया होती, तिच्यासाठी. त्याने येऊन तिच्या खांद्यावर हात ठेवला. "तुझा जीव तुटतोय, कळतं मला. पण असं काही मनाचं सांगू नकोस. त्या शाळेत सहा वर्षं मी कुणाच्या जिवावर काढली? रात्री तू आठवायचीस म्हणून."

अजून वेळ होता. तिच्याकडे पुरावा होता. रविवारची ड्यूटी मी मागून घेत होते, एवढं म्हटलं असतं, ती तीन मिनिटं आणि तो मॅडम त्याला सांगितला असता, तर त्याला विश्वास ठेवावाच लागला असता. ते त्या लाइनवर असलेल्यांशिवाय कुणाला ठाऊक असायचं कारण नव्हतं. तिने श्वास घेतला. पलंगावरून त्र्यंबक तिच्याकडेच बघत होता, दमून, हात अजून छातीवर. आणि खांद्यावर मुलाचा हात होता, उबदार, जड. कितीतरी वर्षांत त्याने तिला असं धरलं नव्हतं. तिच्या आत कुठेतरी हळूहळू सगळं सैल पडत गेलं, आणि त्या सैल पडण्याला सुटका म्हणतात हे तिला चांगलं माहीत होतं. तिला रडू आलं. समर्थने तिला थोपटलं, आणि तिने थोपटू दिलं.

थोड्या वेळाने तो पुन्हा बॅगेशी जाऊन बसला. "स्वेटर किती देऊ यांना?"

"दोन दे," छाया म्हणाली. "सेंटर उघड्यावर आहे, थंडी वाजेल."